ईडिपसचा अपराध कोणता? ग्रीक शोकनायकाविषयीच्या वादाचा आढावा

साहित्याच्या वर्गात ग्रीक नाटक शिकवायला घेतले की पहिल्या-दुसऱ्या तासालाच एक सूत्र फळ्यावर येते. शोकनायक थोर असतो, त्याच्या स्वभावात एक उणीव असते आणि त्या उणिवेपायी त्याचा नाश होतो. ईडिपस तापट म्हणून बुडाला, क्रेऑन हट्टी म्हणून बुडाला. सूत्र सोपे आहे, चटकन पाठ होते, परीक्षेतही उपयोगी पडते. अडचण सुरू होते ती नाटक हातात घेतल्यावर. ईडिपस तापट नसता, तर तो वाचला असता का? वाचला नसता, तर त्याच्या हालांचा त्याच्या स्वभावाशी संबंध तरी काय? आणि संबंधच नसेल, तर एका निरपराध माणसाची ही दशा बघायला अथेन्सचे हजारो लोक सकाळपासून का बसत असतील?

या प्रश्नांवर युरोपात साडेतीनशे वर्षे वाद चालू आहे. आपल्याकडे विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले आणि पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लीजचे नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावाने आणले, त्यामुळे मराठी वाचकाला या वादाची दोन्ही टोके आपल्या भाषेत हाताशी आहेत. मधला वाद मात्र मराठीत फारसा पोहोचलेला नाही. तो कसा चालत आला, त्यात कोण काय म्हणतो आणि आज तो कुठे येऊन थांबला आहे, हे एका विद्यार्थ्याच्या नजरेतून इथे मांडतो आहे.

उत्सव आणि नाटके

इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये दर वसंतात डायोनायसस देवाचा मोठा उत्सव भरत असे. ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच्या उघड्या नाट्यगृहात तीन कवींची स्पर्धा होई. प्रत्येकाने तीन शोकात्मिका आणि त्यांच्या जोडीला एक सॅटर-नाटक द्यायचे. बोलणारे नट तीनच, तेही सगळे पुरुष, तोंडावर मुखवटे. एकच नट राजा होई, तोच पुढे दूत होई आणि तोच राणी. त्यांच्यासमोर गाणारा-नाचणारा कोरस, आधी 12 जणांचा आणि सोफोक्लीजच्या वेळेपासून 15 जणांचा.

गोष्टी बहुतेक जुन्या, थीब्ज, मायसिनी आणि ट्रॉय या राजघराण्यांच्या. ताज्या इतिहासावरचे एस्किलसचे ‘पर्शियन्स’ (इ. स. पू. 472) हा अपवाद. ईडिपस कोण आहे हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना माहीत असायचे, माहीत नसायचे ते फक्त ईडिपसला. पुढे काय होणार याची उत्सुकता या रंगभूमीवर कमीच. माहीत असलेली गोष्ट डोळ्यांदेखत घडताना सोसणे हा तिचा गाभा. नायकाविषयी बोलताना हे विसरले की बरेच घोटाळे होतात.

एस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीज या तिघांच्या नावावर आज 33 नाटके पूर्ण उपलब्ध आहेत. त्यांतले एक सॅटर-नाटक आहे आणि दोन नाटके खरोखर त्यांचीच का, याविषयी मतभेद आहेत. एकट्या सोफोक्लीजने 120 हून अधिक नाटके लिहिली, उरली 7. या आकड्यांकडे लेखाच्या शेवटी पुन्हा यावे लागेल.

ॲरिस्टॉटलचे तेरावे प्रकरण

ॲरिस्टॉटल जन्मला इ. स. पू. 384 मध्ये. सोफोक्लीज आणि युरिपिडीज दोघेही त्याआधी वीसएक वर्षे वारले होते. म्हणजे ‘काव्यशास्त्र’ हे त्या सुवर्णकाळाकडे मागे वळून पाहणारे पुस्तक आहे. शिवाय ते व्याख्यानांच्या टिपणांसारखे तुटक आहे.

तेराव्या प्रकरणात तो आधी तीन प्रकारची कथानके बाजूला काढतो. सज्जन माणूस सुखातून दुःखात लोटला गेला, तर बघणाऱ्याला नुसता उद्वेग येतो. दुर्जन दुःखातून सुखात गेला, तर शोकात्मिकेचे काहीच उरत नाही. अतिदुष्ट माणूस कोसळला, तर बरे झाले असे वाटते, करुणा आणि भीती वाटत नाही. राहता राहिला मधला माणूस. तो सद्गुणांत असामान्य नसतो आणि दुष्टपणामुळेही पडत नाही. तो नावलौकिकाचा आणि वैभवाचा असतो आणि कुठल्याशा ‘हामार्तिया’मुळे पडतो. उदाहरणे दोन दिली आहेत, ईडिपस आणि थायेस्टीज. पुढे पुस्ती जोडली आहे की माणूस असा असावा किंवा याहून चांगला असावा, याहून वाईट नको.

सगळा वाद या एका शब्दावर उभा राहिला, कारण ग्रीकमध्ये त्याचा पल्ला मोठा आहे. अजाणता झालेल्या चुकीपासून जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्यापर्यंत त्यात बरेच काही मावते. ॲरिस्टॉटल त्याची व्याख्या देत नाही आणि त्याची उदाहरणेही पेच सोडवत नाहीत. ईडिपसने बापाला न ओळखता मारले, हे अज्ञान झाले. थायेस्टीजचे काय? भावाने ताटात वाढलेले स्वतःच्याच मुलांचे मांस त्याने नकळत खाल्ले. पण त्याआधी त्या भावाच्या बायकोशी त्याने संबंध ठेवला होता, तो पूर्ण शुद्धीत. ॲरिस्टॉटलच्या मनात यांपैकी कोणती गोष्ट होती, हे तो सांगत नाही.

आणखी दोन गोष्टी वर्गात सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे ॲरिस्टॉटलच्या मते शोकात्मिकेचा प्राण कथानक आहे आणि स्वभावचित्रणाला दुसरा क्रमांक आहे. स्वभावाशिवाय शोकात्मिका होऊ शकेल, कृतीशिवाय होणार नाही, असे तो म्हणतो. दुसरी गोष्ट अधिक गोंधळात टाकणारी आहे. तेराव्या प्रकरणात दुःखान्ताला वर ठेवणारा हाच लेखक चौदाव्या प्रकरणात सर्वांत उत्तम कथानक म्हणून वेगळीच नाटके निवडतो. त्यांत घात होण्याच्या ऐन क्षणी ओळख पटते आणि अनर्थ टळतो. टॉरिसमधली इफिजिनिया सख्ख्या भावाचा बळी देण्याच्या बेतात असताना त्याला ओळखते, हे त्याचे एक उदाहरण. ही दोन प्रकरणे एकमेकांशी कशी जुळवायची, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

चुकीचा दोष कसा झाला

1498 साली ‘काव्यशास्त्रा’चे लॅटिन भाषांतर छापले गेले, 1508 साली व्हेनिसमध्ये मूळ ग्रीक पाठ आला. त्यानंतरच्या भाष्यकारांची जडणघडण ख्रिस्ती नीतिविचारात झालेली होती. देव न्यायी असेल, तर शिक्षा झालेल्या माणसाच्या पदरी पाप असलेच पाहिजे, अशी ही मांडणी. नाटकातही बक्षीस आणि शिक्षा पात्राच्या लायकीप्रमाणे मिळावी, ही अपेक्षा तिथूनच बळावली.

तरीही त्या काळी सगळे एका सुरात बोलत नव्हते. 1660 साली फ्रेंच नाटककार कोर्नेईने स्पष्ट लिहिले की ईडिपसच्या हातून काही अपराध झाला असे आपल्याला दिसत नाही. वाट अडवून अंगावर आलेल्या अनोळखी माणसाला त्याने तोंड दिले, एवढेच. 1692 साली आंद्रे दासिएने आपल्या भाष्यात उलट बाजू घेतली आणि राग, गर्व, उतावळेपणा असे दोष ईडिपसच्या माथी मारले. पुढे तीन शतके दोन्ही पक्षांनी जी भूमिका घेतली, तिची बीजे या दोघांत आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीतून शिकणाऱ्या जगाला ॲरिस्टॉटल भेटला तो मुख्यतः बुचरच्या 1895 च्या पुस्तकातून. बुचरने ‘हामार्तिया’ या शब्दाच्या अनेक छटा नोंदवल्या आणि स्वभावातल्या दोषालाही त्यांत जागा ठेवली. 1909 च्या आवृत्तीत बायवॉटरने निर्णयातली चूक हाच अर्थ धरला. पण तोवर 1904 मध्ये ब्रॅडलीचे शेक्सपिअरवरचे पुस्तक आले होते. त्यात नायकाच्या थोरवीतच त्याचा घात दडलेला असतो, असे विवेचन होते. ब्रॅडली बोलत होता शेक्सपिअरविषयी, शिकवणाऱ्यांनी तीच मोजपट्टी मागे नेऊन सोफोक्लीजला लावली. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांतही इंग्रजी साहित्य याच परंपरेत शिकवले गेले आणि सूत्र आपल्याकडे पोहोचले ते असे.

स्वभावदोषाचा पक्ष उगाच टिकला आहे असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. नाटकांत त्याला आधार आहे. ‘पर्शियन्स’मध्ये डरायसचे भूत आपल्या मुलाच्या, झर्क्सीसच्या, उद्दामपणावर बोट ठेवते. ‘एजॅक्स’मध्ये दूत सांगतो की देवाच्या मदतीने कोणीही जिंकेल, मी तिच्याशिवाय जिंकेन, अशी फुशारकी एजॅक्सने मारली होती. ‘अँटिगनी’च्या अखेरीला कोरस गर्विष्ठ बोलण्याच्या फळाविषयी बोलतो. खुद्द ‘ईडिपस’मध्येही जुलमी राजा उद्दामपणातून जन्मतो, या अर्थाचे गाणे कोरसच्या तोंडी आहे. हे सगळे नजरेआड करून दोषाची कल्पना ही निव्वळ मागाहूनची भर आहे, असे म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच की ही कल्पना सगळ्या नायकांना पुरते का, आणि ॲरिस्टॉटलचा आवडता नायक तिच्यात बसतो का.

तिठ्यावरचा प्रसंग

इथे नाटकाजवळ जाऊन बघणे भाग आहे. फोकिस प्रांतात डेल्फीची आणि डॉलियाची वाट जिथे एकत्र येते, त्या तिठ्यावर काय घडले हे ईडिपस स्वतः आपल्या बायकोला, जोकास्टाला, सांगतो. तो डेल्फीहून पायी येत होता. तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, असा कौल त्याला नुकताच मिळालेला. ज्यांना तो आईबाप समजत होता, त्यांच्यापासून दूर जावे म्हणून त्याने कॉरिंथकडे पाठ फिरवली. समोरून घोड्यांची गाडी आली, पुढे निरोप्या. गाडीवानाने आणि गाडीतल्या म्हाताऱ्याने त्याला जबरदस्तीने रस्त्यावरून हुसकायला सुरुवात केली. ईडिपस संतापला आणि त्याने गाडीवानाला मारले. तो बाजूने जात असताना म्हाताऱ्याने नेम धरून वरून त्याच्या डोक्यात दोन टोकांची पराणी हाणली. ईडिपसने हातातल्या काठीचा तडाखा दिला, म्हातारा गाडीतून उताणा खाली पडला. मग त्याने सगळ्यांना मारले, निदान त्याची तशी समजूत. एक जण निसटला होता.

दासिएच्या परंपरेतला वाचक इथे राग बघतो. एका टोल्यापायी एवढी माणसे मारायची? डेल्फीचा कौल ताजा असताना बापाच्या वयाच्या माणसावर हात उचलायचा आणि आईच्या वयाच्या विधवेशी लग्न करायचे? कोर्नेईच्या परंपरेतला वाचक म्हणतो की पहिली आगळीक समोरून झाली, एकटा विरुद्ध टोळी असा तो सामना होता आणि तो म्हातारा कोण, हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

या वादाला नवे वळण दिले ई. आर. डॉड्झ यांनी, 1966 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात. ऑक्सफर्डच्या परीक्षेत या नाटकावर विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या उत्तरांपासून तो सुरू होतो आणि त्यांतल्या तीन गैरसमजांचा एकेक करून समाचार घेतो. ईडिपसला त्याच्या दोषाची शिक्षा मिळाली, हा पहिला. माणूस नियतीच्या हातचे बाहुले आहे हे नाटकाला दाखवायचे आहे, हा दुसरा. सोफोक्लीजला असल्या प्रश्नांशी कर्तव्यच नव्हते, तो केवळ कसबी नाटककार होता, हा तिसरा.

पहिल्या मताविरुद्ध डॉड्झ यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. द्रष्ट्या टायरिसियसवर आणि जोकास्टाच्या भावावर, क्रेऑनवर, ईडिपस भडकतो हे खरे, पण तोवर बाप मरून, आईशी लग्न होऊन, चार मुले होऊन कित्येक वर्षे लोटलेली आहेत. आज दिसणारा राग कालच्या घटनेचे कारण कसा होईल? दुसऱ्या मतावरचे त्यांचे उत्तर अधिक खोल आहे. बापाचा वध आणि आईशी लग्न हे कौलात होते, पण सत्य शोधून काढण्याची सक्ती कौलाने केली नव्हती. साथीने मरणाऱ्या थीब्जकडे दुर्लक्ष करता आले असते. चौकशी पुरे कर म्हणून जोकास्टा विनवते, म्हातारा मेंढपाळ बोलू नये म्हणून गयावया करतो. दर वेळी ईडिपस पुढचा प्रश्न विचारतो. त्याची आजची पडझड त्याच्या धैर्यातून, शहरावरच्या निष्ठेतून आणि सत्याच्या आसेतून येते. म्हणजे त्याच्यातले सर्वोत्तम तेच त्याला इथवर आणते.

डॉड्झ यांनी वाद संपवला, असे मात्र झाले नाही. 1975 साली स्टिंटन यांनी दाखवून दिले की ॲरिस्टॉटलच्याच नीतिविषयक लिखाणात चुकीचे कप्पे काटेकोर नाहीत. निखळ अपघात, अज्ञानातली चूक आणि रागाच्या भरात केलेले गैरकृत्य यांच्या पायऱ्या एकमेकींना लागून आहेत. म्हणून ‘हामार्तिया’ हा शब्द केवळ अज्ञानापुरता आवळणे योग्य नाही, त्यात एक पट्टा आहे आणि निरनिराळे नायक त्यावर निरनिराळ्या ठिकाणी उभे आहेत. आज बरेच अभ्यासक या बाजूला झुकलेले दिसतात.

काही वाचने याहून टोकाची आहेत. फिलिप व्हेलाकॉट यांनी 1971 मध्ये मांडले की ईडिपसला आतून सगळे ठाऊक होते. फ्रेडरिक आल यांनी 1991 मध्ये उलट दिशा धरली. ईडिपसने आपल्या बापाला, लायसला, मारले हे नाटकात सिद्धच होत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी दाखवलेली जागा खरोखर विचार करायला लावणारी आहे. निसटलेल्या नोकराने मारेकरी अनेक होते अशी साक्ष दिली होती. अनेक असतील तर मी सुटलो, असे म्हणून ईडिपस त्याला बोलावणे धाडतो. तो येतो, तोवर कॉरिंथच्या दूताने वेगळाच विषय उघडलेला असतो. नोकराला विचारले जाते ते टाकून देण्यासाठी त्याच्याकडे दिलेल्या तान्ह्या ईडिपसविषयी. मारेकरी एक की अनेक, हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. एवढ्यावरून ईडिपस निर्दोष ठरतो, हे बहुतेकांना पटलेले नाही आणि मलाही पटत नाही, कारण सगळे नाटक कौल खरा ठरण्याच्या दिशेने ओढ घेत असते. पण सोफोक्लीजने तो प्रश्न विचारायचा का टाळला, याचे समाधानकारक उत्तर अजून वाचनात आलेले नाही.

अँटिगनी आणि दोन हक्क

दोष कुणाचा, हा प्रश्नच हेगेलने बदलून टाकला. त्याच्या मते थोर शोकात्मिकेत बरोबर आणि चूक भिडत नाहीत, दोन बरोबर भिडतात. भावाचे प्रेत पुरण्याचा अँटिगनीचा हक्क घराचा आणि देवांचा आहे, शहरावर चालून आलेल्याला मूठमाती नाकारण्याचा क्रेऑनचा हुकूम राज्याचा आहे. दोघेही एकेका खऱ्या तत्त्वाला चिकटतात, दुसरे नाकारतात आणि त्यातच मोडतात.

या मांडणीचा दबदबा मोठा होता, पण हरकतही लवकरच आली. 1827 मध्ये एकरमानशी बोलताना गटेने, हेगेलच्या एका शिष्याच्या पुस्तकाच्या निमित्ताने, म्हटले की क्रेऑनच्या वागण्यात राज्याचे तत्त्व नसून मेलेल्या माणसाविषयीचा द्वेष आहे. नाटकही शेवटी तराजू समान ठेवत नाही. देव होमातल्या आहुती स्वीकारत नाहीत हे टायरिसियस येऊन सांगतो आणि क्रेऑनला माघार घ्यावी लागते, फार उशिरा. हेगेलवादी यावर म्हणतात की चूक ठरला म्हणून क्रेऑनच्या बाजूला कधी वजनच नव्हते, असे होत नाही. पहिल्या प्रवेशात त्याचे राज्यनीतीचे भाषण ऐकताना अथेन्सच्या प्रेक्षकाने मान डोलावली असेल, हे नाकारता येत नाही.

याच नाटकाने आणखी एक जुना प्रश्न पुढे ठेवला आहे. यातला शोकनायक कोण? नाव अँटिगनीचे, पण नाटकाचा जवळपास तिसरा हिस्सा उरला असताना ती गुहेकडे निघून जाते आणि परत दिसत नाही. वैभवातून विनाशात जाणारा, मुलगा आणि बायको गमावून सगळे उशिरा उमजणारा माणूस क्रेऑन आहे. ॲरिस्टॉटलच्या चौकटीत तो बसतो, अँटिगनी बसत नाही. तरी अडीच हजार वर्षे लोकांच्या मनात ती राहिली आहे.

न वाकणारा माणूस

अँटिगनीसाठी वेगळी चौकट लागते हे ओळखून बर्नार्ड नॉक्स यांनी 1964 मध्ये सोफोक्लीजच्या नायकाचा स्वतंत्र साचा शोधला. ॲरिस्टॉटल बाजूला ठेवून त्यांनी नाटकांतली बोलणी तपासली. एजॅक्स, अँटिगनी, इलेक्ट्रा, फिलॉक्टेटीज, दोन्ही नाटकांतला ईडिपस या सगळ्यांना भोवतालची माणसे तेच तेच सांगतात. नमते घे, समजून घे, काळ ओळख. ते ऐकत नाहीत. आपल्याच माणसांनी दगा दिला असे त्यांना वाटते, मग ते समुद्राशी, कड्यांशी, उजेडाशी बोलू लागतात. ‘ट्रॅकिसच्या स्त्रिया’ हे सातवे नाटक या साच्यात बसत नाही, हे नॉक्स यांनी मान्यच केले आहे.

फिलॉक्टेटीजच्या बाबतीत हे वाचन सर्वांत जिवंत वाटते. सापाच्या दंशाने चिघळलेला पाय, त्याची दुर्गंधी, वेदनेचे ओरडणे यांना कंटाळून ग्रीकांनी त्याला लेमनॉस बेटावर एकटे टाकून दिले. दहा वर्षांनी त्याच्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही असे कळले, म्हणून ते परत आले. आता त्याच्यापुढे पाय बरा होण्याची वाट आहे, कीर्ती आहे, माणसांची सोबत आहे. तो नाही म्हणतो. हेराक्लीज प्रत्यक्ष येऊन सांगेपर्यंत नाहीच म्हणतो. याला स्वभावातला दोष म्हणायचे की माणसाच्या स्वत्वाची शेवटची राखण? नॉक्स म्हणतात की सोफोक्लीज या दोन गोष्टी वेगळ्या होऊच देत नाही. विरोधकांची शंका अशी की या साच्यात नायकाचे कौतुक जरा जास्त होते. एजॅक्सच्या हट्टाने त्याची जोडीदार टेक्मेसा आणि लहान मूल उघड्यावर पडते, त्याचे काय?

नायक आहे तरी का?

1962 साली जॉन जोन्स यांनी सगळ्या वादाच्या मुळाशी हात घातला. ‘काव्यशास्त्रा’त शोकनायक ही कल्पनाच नाही, असे त्यांनी दाखवून दिले. ॲरिस्टॉटल बोलतो कृतीविषयी, दैवपालटाविषयी, माणसांवर येणाऱ्या प्रसंगांविषयी. मधोमध उभा असलेला, अंतर्मनाने झगडणारा एकटा माणूस ही आधुनिक काळाची भर, हॅम्लेटनंतरच्या डोळ्यांनी बघितल्यामुळे दिसणारी. ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीचा (इ. स. पू. 458) नायक शोधू लागलो तर हे पटते. पहिल्या नाटकात अगमेम्नॉन थोडा वेळ येतो आणि मरतो, तिसऱ्यात ओरेस्टीज निकालानंतर निघून जातो. तिन्ही नाटकांत मध्ये असते ते ॲट्रियसचे घराणे. ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ (इ. स. पू. 415) या नाटकात तर पराभूत शहर हेच पात्र आहे.

फ्रान्समध्ये व्हेर्नां आणि व्हिदाल-नाके यांनी 1972 मध्ये याला इतिहासाचे परिमाण दिले. जुन्या वीरकथांमधली माणसे लोकशाहीच्या, कायद्याच्या, न्यायसभांच्या शहरात आणून उभी केली की ती प्रश्न बनतात. अथेन्सचा कायदा हेतुपुरस्सर हत्या आणि नकळत झालेली हत्या यांच्यात भेद करी, त्यांचे खटलेही वेगळ्या जागी चालत. पण नकळत मारणाऱ्यालाही हद्दपार व्हावे लागे. हेतूला किंमत देणारा नवा विचार आणि कृतीबरोबर चिकटणाऱ्या विटाळाचा जुना विचार एकाच शहरात शेजारी नांदत होते, आणि ईडिपस नेमका त्यांच्या सांध्यावर उभा आहे. 1987 मध्ये सायमन गोल्डहिल यांनी लक्ष वेधले ते नाटकांआधीच्या विधींकडे. सेनापतींनी अर्घ्य द्यायचे, मित्रराज्यांनी भरलेली खंडणी मांडून दाखवायची, युद्धात बाप गमावलेल्या मुलांची चिलखत घालून मिरवणूक काढायची. राज्याचा एवढा गौरव झाल्यावर त्याच जागी क्रेऑनसारखा राज्यकर्ता दाखवला जाई. हा विरोध मुद्दाम ठेवलेला होता की आपल्यालाच तो जाणवतो, यावर वाद आहे.

स्त्रीपात्रांच्या अभ्यासाने नायकाची कल्पना आणखी सैल केली. फ्रोमा झाइटलिन, निकोल लोरो, हेलन फोली यांच्या कामानंतर क्लायटेम्नेस्ट्रा आणि मिडीया यांना नुसते खलस्त्री म्हणून सोडून देता येत नाही. मिडीया मुलांना मारते ते पूर्ण जाणून, आधी स्वतःशी झगडून. ती पडतही नाही, सूर्याच्या रथातून निघून जाते. ॲरिस्टॉटलने या शेवटाला नाव ठेवले. त्याच्या तेराव्या प्रकरणातल्या कोणत्याच प्रकारात ती बसत नाही, आणि इ. स. पू. 431 च्या स्पर्धेत युरिपिडीज शेवटचा आला. पुरुषांनी पुरुष नटांसाठी लिहिलेल्या या स्त्रियांतून खऱ्या अथेनियन स्त्रियांविषयी काय कळते, प्रेक्षकांत त्या होत्या की नव्हत्या, हे प्रश्न अनुत्तरित आहेत.

दोष नाही, पण आपलेच कृत्य

विसाव्या शतकाच्या अखेरीला तत्त्वज्ञ या चर्चेत उतरले. मार्था नुसबाउम यांनी 1986 मध्ये दाखवले की चांगले असणे हे दैवापुढे किती नाजूक असते, याची जाण प्लेटोपेक्षा या नाटककारांना जास्त होती. बर्नार्ड विल्यम्स यांनी 1993 मध्ये मांडलेले म्हणणे मला या सगळ्या वादातले सर्वांत मोलाचे वाटते. दोषी की निर्दोष एवढ्याच दोन खणांत आपण ईडिपसला बसवू पाहतो. त्याची वेदना तिसरीच आहे. त्याचा हेतू नव्हता, त्याला दोष देता येत नाही, तरी ते त्याच्याच हातून घडले आणि ते दुसऱ्या कोणाच्या नावावर कधी टाकता येणार नाही. नाटकाच्या शेवटी तो अपोलोचे नाव घेतो आणि लगेच म्हणतो की डोळ्यांवर घाव घालणारा हात मात्र माझाच.

वृद्धपणी सोफोक्लीज त्याच माणसाकडे परत गेला. ‘कोलोनसचा ईडिपस’ कवीच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. 401 मध्ये, रंगभूमीवर आले. त्यात ईडिपस ठामपणे सांगतो की मी अजाण होतो, माझ्यावर हल्ला झाला होता, कायद्याने मी शुद्ध आहे. आणि तरीही, अथेन्सचा राजा थीस्यूस याचा हात हातात घ्यायला पुढे झालेला तो मध्येच थबकतो, आपल्या विटाळाच्या भीतीने हात मागे घेतो. निर्दोषत्वाचा दावा आणि तो मागे घेतलेला हात ही दोन्ही एकाच नाटकात आहेत. विल्यम्स यांना जे म्हणायचे आहे, ते या एका हालचालीत आहे.

यावरही आक्षेप आहे. ही ईडिपसला आजच्या तत्त्वज्ञानाची भाषा बोलायला लावण्याची दुसरी तऱ्हा तर नाही ना? विटाळ ही अथेन्समध्ये देवळांत, घरांत, न्यायालयांत पाळली जाणारी प्रत्यक्ष गोष्ट होती. तिचे रूपांतर अंतःकरणातल्या सलात केले की आपल्याला ती कळते, पण त्यात काहीतरी निसटत असेल.

मोकळे राहिलेले

सर्वांत मोठी अनिश्चितता पुराव्याची आहे. सोफोक्लीज आणि एस्किलस यांची उरलेली नाटके पुढच्या पिढ्यांनी निवडून जपलेली आहेत. युरिपिडीजची दहा नाटके अशीच निवडीतून आली. पण त्याची आणखी नऊ नाटके निव्वळ योगायोगाने वाचली, वर्णक्रमाने लावलेल्या संग्रहाचा एक तुकडा टिकला म्हणून. त्या नऊ नाटकांत ‘हेलन’, ‘आयॉन’ आणि ‘टॉरिसमधली इफिजिनिया’ आहेत, ज्यांत शेवटी कोणी कोसळत नाही, ताटातूट झालेली माणसे एकमेकांना सापडतात. निवड न होता आलेला नमुना जर असा दिसत असेल, तर कोसळणारा एकाकी नायक हे ग्रीक शोकात्मिकेचे रूप होते की नंतरच्या शाळांनी आणि संग्राहकांनी तिचे तेच रूप पसंत केले, हे आपल्याला ठरवता येत नाही.

नवी सामग्री अजूनही येते आहे. इजिप्तमधल्या फिलाडेल्फिया या प्राचीन वस्तीच्या उत्खननात 2022 मध्ये मिळालेल्या एका पपायरसवर युरिपिडीजच्या ‘पॉलिइडस’ आणि ‘इनो’ या हरवलेल्या नाटकांच्या मिळून 97 ओळी आहेत, त्यांचा पाठ 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘इनो’ची कथा आपल्या प्रश्नाला नेमकी भिडणारी आहे. थेमिस्टो सवतीच्या, म्हणजे इनोच्या, मुलांना मारायचा बेत करते, पांघरुणांची अदलाबदल होते आणि तिच्या हातून स्वतःचीच मुले मरतात. तिचा हेतू दुष्ट आहे, पण ज्या कृत्याने ती उद्ध्वस्त होते ते तिने नकळत केले. ॲरिस्टॉटलने दुष्टपणा एका बाजूला ठेवला आणि हामार्तिया दुसऱ्या बाजूला. थेमिस्टोला यांतल्या कोणत्या बाजूला बसवायचे, याची चर्चा आता कुठे सुरू होते आहे.